शाळा नव्हती, तेव्हा अक्षरांची विद्या कोण आणि कशी शिकले?

१/
मराठीतील पहिले छापील पंचांग १८३१ साली, म्हणजे शके १७५३ मध्ये, मुंबईत निघाले. ते काढणाऱ्या गृहस्थांनी मुद्रणाचे शिक्षण कोठेही घेतले नव्हते. यंत्र त्यांनी घरच्या घरी लाकडाचे बनविले, दगड शोधून आणला, शाई प्रयोग करून सिद्ध केली. नाव गणपत कृष्णाजी. आज मोबाइलवर धडपडत ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येक मराठी तरुणाचे ते पूर्वज आहेत. त्यांच्या निमित्ताने हा दीर्घ धागा.

२/
आधी एक खुलासा. ‘ग्राफिक डिझाइन’ ही संज्ञा विसाव्या शतकातील. काम मात्र जुने. पानावर मजकूर कोठे बसावा, अक्षर केवढे असावे, समास किती सोडावा, वाचणाऱ्याचा डोळा कोठे थांबावा, हे सारे निर्णय पूर्वी मुद्रकच घेत असे. मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली १८५७ साली. त्यापूर्वी या शहरात ज्यांनी ही विद्या मिळविली, त्यांच्यापुढे अभ्यासक्रमही नव्हता आणि प्रमाणपत्रही नव्हते. मग ती मिळविली कशी?

३/
अडचण किती मोठी होती, हे कळण्यासाठी थोडे मागे जाऊ. भारतातील पहिला छापखाना गोव्यात आला १५५६ साली. तेथे राहून फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. पण रोमन लिपीत. ग्रंथ मराठी, ओवी मराठी, आणि अक्षरे परकी. कारण एकच: यंत्र होते, कागद होता, परंतु देवनागरी खिळे नव्हते.

४/
दुसरा प्रसंग सुरतेचा. भीमजी पारेख हे तेथील मोठे व्यापारी आणि ईस्ट इंडिया कंपनीचे दलाल. आपले जुने ग्रंथ छापावेत या इच्छेने त्यांनी १६७० मध्ये कंपनीकडे मुद्रक मागितला. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक इंग्लंडहून आला. तो आपल्या कामात तरबेज होता. परंतु देशी लिपीचे खिळे पाडणे त्याला येत नव्हते! भीमजींनी स्वतःच्या माणसांकडून अक्षरे पाडून घेण्याचाही प्रयत्न केला. उद्योग अखेर तडीस गेला नाही.

५/
या अपयशात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. युरोपात तोवर मुद्रणाचा धंदा वाटला गेला होता. अक्षर कोरणारा वेगळा, ओतणारा वेगळा, जुळविणारा वेगळा, छापणारा वेगळा. हिल्स त्या साखळीतील एक कडी होता. मागची कडी हजारो मैलांवर राहिली होती. भारतात ज्यांना देशी लिपीत छापायचे होते, त्यांना ही सारी साखळी नव्याने उभारणे भाग होते. एका अंगातील नैपुण्य पुरेसे नव्हते.

६/
खिळा तयार होतो कसा? पोलादाच्या दांड्याच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. हा झाला पंच. तो तापवून कठीण करायचा आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा. तांब्यात अक्षराचा खळगा उमटतो. त्या खळग्यावर साचा बसवून शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला मिश्रधातू ओतायचा. थंड झाला की एक खिळा मिळतो. अक्षराचा आकार बदलायचा झाला, तर पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ.

७/
इंग्रजीला लहानमोठी मिळून बावन्न अक्षरे, काही अंक, काही चिन्हे. देवनागरीचे गणित निराळे. व्यंजने, स्वर, वर-खाली-पुढे-मागे लागणाऱ्या मात्रा, रफार, आणि जोडाक्षरे. ‘र्त्स्न्य’सारखे प्रकार तर सोडूनच द्या. एका आकाराच्या संचाला शेकडो निरनिराळे खिळे लागत. शिवाय शिरोरेषा! रोमन अक्षरे सुटी उभी राहतात. आपली अक्षरे एकमेकांचा हात धरून उभी असतात. दोन खिळ्यांमध्ये केसाएवढी फट राहिली, तरी शब्द तुटलेला दिसतो.

८/
ही कोंडी प्रथम बंगालमध्ये फुटली. १७७८ साली हुगळीत हालहेडचे बंगाली व्याकरण छापले गेले. त्याचे खिळे पाडले चार्ल्स विल्किन्स या कंपनीच्या नोकराने. त्याचा पेशा कारकुनीचा. कोरणे, ओतणे, छापणे सारे त्याने स्वतः करून पाहिले. त्याला साहाय्य लाभले पंचानन कर्मकार या कारागिराचे. पंचानन आणि पुढे त्यांचे जावई मनोहर यांच्या हातून सेरामपूरचे नागरी खिळे घडले. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये तेथेच छापले गेले.

९/
त्याच १८०५ साली मिरजेत एक निराळाच प्रयोग सिद्धीस गेला. पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्यामुळे नाना फडणविसांच्या काळात एका तांबटाला अक्षरे कोरण्याचे काम शिकविले गेले होते. पेशवाईच्या धामधुमीत ते अर्धवट राहिले. पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने संपूर्ण भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापण्यात आली. खिळे पाडण्याचा प्रश्नच त्यांनी टाळला. अख्खे पानच कोरले. भांड्यांवर ठोके मारणारा हात गीता कोरू लागला, ही घटना लहान नव्हे.

१०/
मुंबईत पहिली धडपड पारशी मंडळींनी केली. रुस्तमजी केरसास्पजी यांनी १७८० सालचे इंग्रजी कॅलेंडर छापले. ‘बॉम्बे कुरियर’मधील जुळारी जिजीभाई छापगर यांनी गुजराती खिळे पाडले, त्या खिळ्यांतील जाहिरात १७९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्याकडे पाहून शिकले फर्दुनजी मर्झबान. हे मूळचे पुस्तकबांधणी करणारे. त्यांनी १८१२ मध्ये स्वतःचा गुजराती छापखाना काढला आणि १८२२ मध्ये ‘मुंबई समाचार’ सुरू केला, जो आजही निघतो.

११/
मराठीची पाळी आली ती अमेरिकन मिशनच्या निमित्ताने. मिशनने कलकत्त्याहून यंत्र आणि नागरी खिळे आणविले आणि १८१७ मध्ये मुंबईत मराठी छपाई सुरू केली. हेतू अर्थातच धर्मप्रसाराचा. छोट्या पुस्तिका बाजारात, रस्त्यांवर वाटल्या जाऊ लागल्या. त्या पुस्तिकांतील उपदेश अनेकांना रुचला नसेल. परंतु काही डोळे उपदेशापेक्षा अक्षरांकडे पाहत होते. हे उमटते कसे? आणि यांना जमते, तर आपल्याला का जमू नये?

१२/
याच सुमारास तिसरे साधन मुंबईत पोहोचले: दगड. त्याची कथाही स्वयंशिक्षिताचीच. म्युनिकचा आलॉइस झेनेफेल्डर हा नाटककार. आपली नाटके छापण्याइतके पैसे नसल्यामुळे स्वस्त उपाय शोधत होता. एकदा धोब्याकडे जाणाऱ्या कपड्यांची यादी घाईघाईत जवळच्या दगडावर मेणकट शाईने लिहिली आणि त्यातून वाट सुचली, अशी हकीकत त्याने स्वतः नोंदविली आहे. १७९८ च्या सुमारास त्याची पद्धत सिद्ध झाली. हीच शिळाछाप.

१३/
तत्त्व साधे: तेल आणि पाणी मिसळत नाही. बव्हेरियातील चुनखडीचा गुळगुळीत दगड घ्यायचा. त्यावर स्निग्ध शाईने लिहायचे. मग डिंक आणि सौम्य आम्ल लावून दगड ओला करायचा. कोरी जागा पाणी धरते, लिहिलेली जागा पाणी झिडकारते. वरून शाईचा रूळ फिरविला की शाई फक्त अक्षरांवर बसते. कागद ठेवून दाब दिला की प्रत तयार. अक्षरे उलटी लिहावी लागतात, किंवा विशिष्ट कागदावर सुलटी लिहून दगडावर उतरवून घ्यावी लागतात.

१४/
आता हे साधन मराठीच्या दृष्टीने पाहा. पंच नको, साचा नको, शेकडो खिळ्यांचे खण नकोत. जोडाक्षर कितीही अवघड असो, बोरूला जे लिहिता येते ते दगडाला छापता येते. शिरोरेषा अखंड राहते. मुंबई सरकारने १८२० च्या दशकात शालेय पुस्तकांसाठी शिळाप्रेस वापरले, त्यामागे हीच सोय होती. सुंदर बालबोध लिहिणारे लेखनिक येथे पिढ्यान्‌पिढ्या होतेच. त्यांचा हात थेट यंत्राशी जोडला गेला.

१५/
येथे गणपत कृष्णाजी प्रवेश करतात. जातीने भंडारी, मुंबईचे रहिवासी. त्यांच्याविषयी आपल्याला बरेच काही कळते ते गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ च्या ग्रंथातून. मिशनची पुस्तके पाहून आपल्या लोकांचे ग्रंथही असे छापावेत, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी घरी लाकडी यंत्र बनविले, दगडाचे लहान तुकडे मिळवून त्यांवर छापून पाहिले, शाई बनवून पाहिली. हात बसल्यावर मग लोखंडी यंत्र आले.

१६/
या क्रमाकडे लक्ष द्या. आधी उत्तम यंत्र आणि नंतर शिक्षण, असे घडले नाही. मिळेल त्या तुकड्यावर आरंभ, पुष्कळ प्रती वाया, आणि कौशल्य आल्यावर साधन. शाईचा प्रश्न तर आणखी बिकट होता. ती पातळ झाली तर अक्षर फुटते, घट्ट झाली तर कागद दगडाला चिकटतो. काजळ किती, तेल किती, किती वेळ शिजवायचे, याचे पुस्तक मराठीत नव्हते. हाताला जे कळेल तेच ज्ञान.

१७/
परंतु शाईचा खरा पेच तांत्रिक नव्हता, सामाजिक होता. छापील कागदाला शिवणेही अनेक कर्मठ मंडळी टाळत. शाईत जनावराची चरबी असते, मग देवाची पोथी तिच्यात कशी छापावी? माडगावकर १८६३ मध्येही अशा माणसांचा उल्लेख करतात. यावर गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप वापरून शाई केली, असे सांगितले जाते. वाचक कोण आहे, त्याची भीती कोणती, आणि ती कोणत्या उपायाने जाईल, हा विचार आजच्या डिझाइनच्या वर्गातही पहिल्या दिवशी शिकवितात.

१८/
पहिले काम म्हणून पंचांग निवडणे, हाही मोठा चाणाक्षपणा. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. बारीक रकाने आणि आकड्यांची दाटी. सुट्या खिळ्यांनी असे कोष्टक जुळविणे जिकिरीचे. दगडावर ते बोरूने आखता येते. म्हणजे साधनाची ताकद जेथे आहे, तेथेच काम. दुसरे, गिऱ्हाईक निश्चित: पंचांग घराघराला लागते. तिसरे, ते दरवर्षी जुने होते. चैत्र पाडव्याला नवे हवेच. शिकणाऱ्याला दरवर्षी तेच काम आणखी चांगले करण्याची संधी मिळते.

१९/
ही निवड एकट्या त्यांची नव्हे. मुंबईच्या मुद्रणेतिहासात हा धागा वारंवार दिसतो. रुस्तमजींचे १७८० चे काम, कॅलेंडर. फर्दुनजी मर्झबानांच्या आरंभीच्या कामांत १८१४ चे गुजराती पंचांग. गणपत कृष्णाजींचे १८३१ चे मराठी पंचांग. पुढे निर्णयसागराचे नावही घरोघर गेले ते पंचांगाबरोबरच. काव्य, पुराण, इतिहास मागाहून. नवख्या मुद्रकांनी हात घडविला तो लोकांच्या रोजच्या गरजेच्या कागदावर.

२०/
शिळाछाप ग्रंथ हाताळताना मला नेहमी जाणवते की ते नवे दिसण्याचा प्रयत्नच करीत नाहीत. आडवी सुटी पाने, मध्ये मूळ श्लोक, भोवती टीका, समासात सुटलेला शब्द, कडेला दुहेरी रेघ. सारे हस्तलिखित पोथीसारखे. याला कोणी अनुकरण म्हणेल. पण वाचकाचा डोळा शतकानुशतके ज्या मांडणीला सरावला होता, ती मोडण्याचे कारणच नव्हते. जुने नीट उतरविता उतरविता नवी विद्या हातात आली.

२१/
गणपत कृष्णाजी दगडावर थांबले असते, तरी त्यांचे नाव राहिले असते. ते थांबले नाहीत. शिळाछाप हाती आल्यावर ते खिळ्यांकडे वळले आणि निरनिराळ्या आकारांचे मराठी व गुजराती खिळे त्यांनी तयार केले. ज्या अवघड पायरीला दगडाने वळसा घातला होता, तिच्याकडे ते स्वेच्छेने परत गेले. सोप्या साधनाने त्यांना आत्मविश्वास आणि पैसा दिला. त्या बळावर त्यांनी कठीण साधन पेलले. त्यांच्या छापखान्याच्या स्वच्छ कामाचा लौकिक झाला.

२२/
पुढची पिढी अशाच रीतीने घडली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे अधिक सुबक खिळे पाडले. त्याच छापखान्यात जावजी दादाजी (१८३९–१८९२) नावाचा गरीब घरचा मुलगा खिळे घासण्याच्या कामाला लागला. घासता घासता त्याने अक्षरांची वळणे ओळखली. १८६४ मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना! राणोजी रावजी आरू हे त्यांचे पंच कोरणारे सहकारी. संस्कृत ग्रंथांसाठी निर्णयसागराची आवृत्ती देशोदेशीच्या विद्वानांनी प्रमाण मानली.

२३/
आता ‘स्वयंशिक्षित’ या शब्दाकडे पुन्हा पाहू. एकट्याने, शून्यातून, कोणाच्याही मदतीविना शिकलेला, असा त्याचा अर्थ आपण करतो. वरील एकही उदाहरण त्यात बसत नाही. विल्किन्सला पंचानन भेटले, फर्दुनजींना जिजीभाई, जावजींना मिशनचा कारखाना. गणपत कृष्णाजींच्या लाकडी यंत्रामागे सुतारकामाचे, लोखंडी यंत्रामागे लोहारकामाचे आणि दगडावरील बालबोधामागे लेखनिकांचे ज्ञान होते. शाळा नव्हती, हे खरे. शिकविणारे हात मात्र सभोवती होते.

२४/
त्या हातांची नावे बहुतेक ठिकाणी उरलेली नाहीत. मिरजेची गीता कोरणारा तांबट आपल्याला ‘तांबट’ म्हणूनच ठाऊक आहे. आश्रयदात्याचे नाव राहिले, ग्रंथाचे राहिले, आणि ज्याच्या मनगटाने अठरा अध्याय उलटे कोरले तो जातीच्या नावात विरून गेला. कारागीर लिहून ठेवत नाही आणि लिहिणारा कारागिराला विचारत नाही, ही आपल्या इतिहासलेखनातील जुनी उणीव आहे. माडगावकरांनी लिहून ठेवले नसते, तर गणपत कृष्णाजींविषयीही आपल्याजवळ फार थोडे उरले असते.

२५/
आणखी एक बाब नजरेआड करता येत नाही. पोथी लिहिणे, वाचणे, सांगणे यांवर ज्या काळात मोजक्या जातींची पकड होती, त्या काळात एका भंडारी माणसाने पंचांग आणि पोथ्या छापून विकल्या. त्यासाठी त्याने कोणाची अनुज्ञा मागितली नाही. त्याने एवढे चांगले काम केले की लोकांना ते घ्यावेसे वाटले. अक्षरांची निर्मिती कोणाच्या हाती असावी, या प्रश्नाचे उत्तर दादरच्या किंवा पुण्याच्या सभेत ठरले नाही. ते एका घरगुती यंत्रावर छापले गेले.

२६/
आज कलाशाळेबाहेर राहून डिझाइन शिकणाऱ्यांची एक खंत वारंवार कानी येते: महागडे सॉफ्टवेअर नाही, पदवी नाही, कोणी विचारणार नाही. इतिहास त्यावर स्वस्त दिलासा देत नाही. भीमजी पारेखांजवळ पैसा होता, तरी जमले नाही. गणपत कृष्णाजींना वर्षानुवर्षे खपावे लागले. मात्र इतिहास एवढे दाखवितो की या भाषेतील छापील अक्षर घडविणाऱ्यांपैकी कित्येक जण बाहेरूनच आत आले. पुस्तक बांधणारा, भांडी घडविणारा, खिळे घासणारा. तुम्ही त्या परंपरेत उपरे नाही.

२७/
शेवटी एक गृहपाठ. घरात आजोबा-पणजोबांची जुनी पोथी असेल, तर ती उघडा आणि एकाच पानावरील दोन ‘क’ शोधा. दोन्ही तंतोतंत सारखे असतील, तर ते खिळ्याचे. वळणात किंचित फरक असेल, तर ते शिळाछाप: कोणाच्या तरी बोरूने दगडासाठी लिहिलेले. पानाच्या मागून हलके बोट फिरवा. खिळ्याच्या छपाईचा उठाव पुष्कळदा बोटाला जाणवतो, दगडाच्या छपाईचा नाही.

२८/
मुखपृष्ठाच्या तळाशी छापखान्याचे नाव आणि शक असेल, तर त्याची नोंद करून ठेवा. अशा नोंदी जुळविल्यानेच या कारागिरांचा इतिहास उभा राहील. पाने ठिसूळ झाली असतील, तर चिकटपट्टी मात्र लावू नका. छायाचित्र काढून या धाग्याखाली दिलेत, तर आपण मिळून ते पान वाचू. पुढील धागा मोडी लिपी आणि तिच्या खिळ्यांविषयी.